क्लाइव्हची हिरवळ

"येऊ दे तर खरा चोर! असा उजेड पाडतो, की त्याच्या दाढीचे खुंटसुद्धा मोजून घ्या," क्लाइव्ह हॅगर्टीनं बिअरचा ग्लास आपटत साऱ्या बारला सांगितलं.

गवतावर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या बिलाबुरी बोल्स क्लबची हिरवळ तो स्वतःच्या तब्येतीपेक्षा जास्त जपायचा. गोळा घरंगळला की पाण्यावरून गेल्यासारखा जावा. आणि आता रोज सकाळी तिच्यात खड्डे! शनिवारी अंतिम सामना. हिरवळ सपाट नसली, तर सामना शेजारच्या टूगारा गावच्या क्लबला जाणार. म्हणजे खड्डे टूगारावालेच खणतात, यात बारमध्ये कुणालाच शंका नव्हती.

क्लाइव्हनं कॅमेरा बसवला आणि त्याच्या बरोब्बर समोर हा भलाथोरला दिवा. सकाळी पडद्यावर नुसता पांढराफटक लोळ.

"सूर्योदय छान टिपलायस," क्लबची सेक्रेटरी नोएलीन म्हणाली.

"कॅमेऱ्याचे डोळे दिपले गं. जागा बदलतो."

त्यानं दिवा कॅमेऱ्याला खेटून लावला. दिव्यावर किडे आले, किड्यांसाठी कोळी आला, आणि कोळ्यानं भिंगावरच संसार थाटला. पडद्यावर घोड्याएवढ्या तंगड्या.

"टूगाराचा कप्तान दिसतोय," नोएलीन म्हणाली. "एवढे पाय असून हरतो कसा मेला?"

क्लाइव्हनं पुन्हा शिडी काढली. दिवा कॅमेऱ्यापासून लांब, बाजूच्या खांबावर, तोंड खाली, उजेड तिरका. या खेपेला चित्र आरशासारखं लख्ख आलं. लांब नाकाचा एक बँडिकूट, घुशीसारखा दिसणारा ऑस्ट्रेलियातला रानटी प्राणी, भुंगेरे मटकावत निवांत खणत होता. खड्डे दुप्पट.

"काय दिवे लावलेस रे!" नोएलीननं कपाळावर हात मारला. "आधी बिचारा मातीतल्या हुमणीच्या अळ्यांवर भागवायचा. आता उजेडावर भुंगेरे येतात. खाणावळच उघडलीस तू त्याला."

"पिंजरा लावतो."

"हात तर लाव! संरक्षित प्राणी आहे तो, कायद्यानं तूच पिंजऱ्यात जाशील."

"मग पंगत दुसरीकडे वाढतो," क्लाइव्ह म्हणाला. त्यानं दिवा उपटला आणि मागच्या गवताळ पार्किंगमध्ये नेऊन रोवला. भुंगेरे तिकडे गेले, बँडिकूट त्यांच्या मागोमाग गेला. क्लाइव्हनं खड्डे बुजवले, रोलर फिरवला. शुक्रवारी हिरवळ रेशमासारखी झाली.

शनिवारी टूगाराची बस पार्किंगमध्ये बँडिकूटनं खणून भुसभुशीत केलेल्या मातीत चाकं बुडेपर्यंत रुतली. ती ओढायला आलेला ट्रॅक्टर हिरवळीवरून गेला.