पुलावरचे तीन दिवस

प्रभागाच्या सभेत सायकलमास्तर बोलायला उठले की मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकायची. गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस अकरा वर्षं एकच मागणी करत होता: पुलापासून इस्पितळापर्यंत सायकलींसाठी वेगळा पट्टा हवा. रस्ते खात्यातल्या अभियंत्याचं उत्तरही ठरलेलं.

"मास्तर, रस्ता काय रबराचा आहे, ओढला की रुंद व्हायला?"

सभा हसायची. मास्तरही हसायचे आणि पुढच्या सभेला नवा नकाशा घेऊन हजर व्हायचे.

मग साथ आली. बस बंद झाल्या. इस्पितळातल्या नर्स, सफाई कामगार, स्वयंपाकघरातल्या बायका मिळेल ती सायकल काढून पुलावरून जाऊ लागल्या आणि रिकामा रस्ता बघून ट्रकही सुसाट सुटले. एका आयाबाईला धक्का बसून तिचा पाय मोडला, तेव्हा कुठे वरून हुकूम आला: चार दिवसांत पट्टा आखा.

अभियंत्याच्या हाताखाली उरले होते दोन रंगारी. बाकीचे कुणी आजारी, कुणी गावी. शेवटी लाज गिळून त्यानं फोन लावला.

"मास्तर, तुमचा तो नकाशा... जरा पुलावर येता का?"

"आलोच!"

तीन दिवस दोघं मोजमाप करत पुढे सरकले आणि मागोमाग रंगारी पट्टा रंगवत आले. टेपचं एक टोक मास्तरांकडे, दुसरं अभियंत्याकडे. वाऱ्यात आकडे ऐकू जात नव्हते, म्हणून अभियंता मास्क हनुवटीखाली ओढून ओरडायचा. टेप गुंडाळताना, नकाशावर खुणा करताना दोघांची डोकी एकमेकांजवळ यायची. अभियंत्याचा घसा काम सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून खवखवत होता, मधूनच खोकलाही येत होता. धुळीनं असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. घरी बसलो तर काम अडेल, हे निमित्तही हाताशी होतंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी रंग वाळला. पहिली नर्स पट्ट्यावरून घंटी वाजवत गेली. मास्तर कितीतरी वेळ तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले.

"साहेब, रबराचाच निघाला की हो रस्ता!"

दोन दिवसांनी अभियंत्याचा तपासणीचा निकाल आला. त्याला लागण झाली होती. चार दिवस ताप, आठ दिवस खोकला, एवढ्यावर निभावलं. मास्तरांचं मात्र निभावलं नाही. इस्पितळात अकरा दिवस काढून ते गेले.

तीन महिने अभियंत्यानं त्या खोकल्याचं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बोट दाखवलं नव्हतं. अखेर एका सकाळी तो मास्तरांच्या दारात उभा राहिला. दार मास्तरांच्या बायकोनं उघडलं.

"बाई, मला तेव्हा खोकला होता. मी बोललो नाही."

बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाले, साहेब खोकत होते. मी म्हटलं, मग उद्या जाऊ नका. तर म्हणाले, अगं, अकरा वर्षांनी बोलावलंय, आता मी नको कसं म्हणू?"

अभियंत्याला वर बघवेना.

"सगळा दोष तुमचा, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचा काहीच दोष नाही, हेही माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. मला जमायचं नाही ते."

"नाही. त्यासाठी नाही आलो."

मग त्यांनी विचारलं, "तो पट्टा राहणार की पुसणार?"

"दुकानदारांची तक्रार आहे. सभेत ठरेल."

"कधी आहे ते मला कळवा."

त्यांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून सभेची नोटीस तो शिपायाकडे न देता स्वतः नेऊन देऊ लागला. बाई दार उघडत, कागद घेत, तारीख वाचत. पाणी हवं का, असं मात्र त्यांनी कधी विचारलं नाही, आणि त्यानंही कधी तशी अपेक्षा धरली नाही.