रक्तदात्यांचे पान आणि चौदा इंची पडदा

मित्रांनो, मी साताऱ्यातल्या उमाताईंच्या टेबलावरचा जुना चौदा इंची मॉनिटर आहे. ताई गेल्याची बातमी आली त्या दुपारी त्यांचा धाकटा दीर अवधूत फोनच्याच तारेवरून इंटरनेट लावून बसला होता, त्यामुळे घरचा फोन लागत नव्हता. ताईंचे यजमान, गोपाळकृष्णदादा, ताईंजवळ सांगलीला होते. शेवटी सुलाबाई शेजारून आल्या. "अवधूत, तुमचा फोन लागंना. सांगलीच्या दवाखान्यातनं दादांनी आमच्याकडं केला. उमा गेली रं."

अवधूतचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला.

मला तेवढेच दिसते. माझ्या काचेवर काय उमटते ते मला कधीच दिसत नाही, फक्त समोरचा चेहरा दिसतो. कारखान्यात माझी नळी बसवली, रंग तपासले, तेव्हापासून हे असेच आहे. समोरच्याला सगळे नीट दिसते आहे ना, ही काळजी मला कायम असते.

ताई माझ्यासमोर बसूनच वेबसाइट तयार करायला शिकल्या. पुढे डॉक्टरांच्या एका मंडळाने त्यांना रक्तदात्यांची पाने करायला सांगितली. रक्त लागले की डॉक्टरांनी आपल्या तालुक्याचे पान उघडायचे, रक्तगट बघायचा आणि दात्याला फोन करायचा.

त्याच सुमारास अवधूतने सतरा इंची मॉनिटर आणला. त्याची रुंदी एक हजार चोवीस ठिपक्यांची, माझी सहाशे चाळीस. "वहिनी, आता हा खोका एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू," तो म्हणाला. ताईही नव्या पडद्यावर खूश होत्या. त्यांनी पाने ऐसपैस मांडली. पान डावी-उजवीकडे सरकवायची खालची पट्टी वाईट दिसते म्हणून तीही काढून टाकली. माझ्यावर कापड पडले.

मग कडेगावच्या दवाखान्यातले कंपाउंडर नानासो यांचा फोन आला. त्यांचा आवाज एवढा मोठा, की मलाही ऐकू येत होता.

"ताई, पान लय झ्याक झालंय. माणसं दिसत्यात, रक्तगट दिसतोय. पर बोलवायचं कसं? नंबर कुटं हायत?"

"उजवीकडे, शेवटी आहेत बघा."

"शेवटी आमच्या डॉक्टरांची भिंत हाय."

नंबर लहान पडद्याच्या बाहेर गेले होते. ताई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यावरचे कापड काढले. आधी मला आठशे ठिपक्यांवर लावून बघितले, पण अक्षरे बारीक झाली असावीत, कारण त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. "नानासोंना चष्मा आहे. त्यांना हे वाचता येणार नाही," असे म्हणून त्यांनी मला पुन्हा सहाशे चाळीसवर आणले. तेव्हापासून पान मोठ्या पडद्यावर बनवायचे आणि माझ्यावर तपासायचे, असे सुरू झाले.

अवधूत चिडवायचा, "नवी गाडी घेऊन बैलगाडीच्या चालीनं चाललाय, वहिनी."

"लोक बैलगाडीतच बसलेत ना," त्या म्हणायच्या.

एकेक तालुका दुरुस्त होत असताना त्या आजारी पडल्या.

परवा अवधूत आपल्या भावाला, गोपाळकृष्णदादांना म्हणाला, "दादा, दुकानदार जुना मॉनिटर या आठवड्यापर्यंतच घेणार आहे. देऊ का?"

माझा जीव टांगणीला लागला.

"तिचं काम कुठवर आलं होतं?" दादांनी विचारले.

"झालंय सगळं. हे बघा ना." अवधूतने मोठा पडदा दाखवला.

"ह्याच्यावर लाव."

अवधूतने वायर बदलली. दोघे माझ्यासमोर वाकले. दादा ताईंच्या खुर्चीत बसले नाहीत.

"कुठलं पान हे?"

"फलटणचं."

"नंबर?"

अवधूतचे बोट माझ्या काचेच्या उजव्या कडेपर्यंत आले आणि तिथेच अडले. ही दुरुस्ती ताईच करायच्या, त्याला ती येत नाही. दादांनी मात्र मला दुकानात नेऊ दिले नाही.

मित्रांनो, कामासाठी मोठा पडदा जरूर घ्या. पण ज्यांच्यासाठी काम करता, त्यांच्याकडे असतो तसा पडदाही शेजारी ठेवा. त्यावर बघितल्याशिवाय काम झाले असे म्हणू नका. आज फलटणला कुणाला रक्त लागले तर काय होईल, हाच विचार माझ्या मनात सारखा येतो. तिथल्या डॉक्टरांना दात्याचे नाव दिसेल, नंबर दिसणार नाही.

फलटणचे पान अजून दुरुस्त झालेले नाही.