देसमधला तराणा

गायिका तेजश्री आणि तिला तबल्यावर साथ करणारा भाऊ संघपाल बारामतीहून निमगाव केतकीला पोचले तेव्हा झेंडावंदन उरकलं होतं. शाळेच्या मैदानात मांडवाखाली माणसं बसत होती. तीन वर्षांमागं सीमेवर कामी आलेल्या ज्ञानेशच्या नावानं त्याचा मित्र रणजित दर पंधरा ऑगस्टला गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा. आधी देस रागातला तराणा, मग आईचा निरोप घेणाऱ्या जवानाचं गाणं, असं फोनवर ठरलं होतं. बिगुल घातलेला त्या गाण्याचा ट्रॅक रणजितनं तयार ठेवला होता.

तेजश्री स्टेजमागं सूर लावत होती, तोच एक म्हातारी आत आली. ज्ञानेशची आई, मुक्ताबाई.

"पोरी, निरोपाचं गानं म्हननार हायस का?"

"हो, मावशी."

"त्ये लागलं की मला भोवळ येती. समदे मोबाईल धरून माझ्याकडंच बघत्यात."

"मग येता कशाला?"

"न्हाय आले तर म्हनतील, म्हातारीला पोराचं काय बी न्हाय."

तेजश्री तशीच बाहेर पडली. तिनं रणजितला गाठून गाणं बदलू या म्हटलं. तो तिच्याकडं न बघताच म्हणाला, "लोक त्याच गान्यासाठी थांबल्यात, ताई. ठरलंय ते ठरलंय."

तराणा रंगला. त्यात शब्द नव्हते, नुसते बोल, आणि संघपालचा तबला त्यांच्यामागं धावत होता. पहिल्या रांगेत मुक्ताबाई खुर्ची घट्ट धरून बसली होती. टाळ्या पडल्या, रणजितनं साऊंडवाल्याला खूण केली, आणि बिगुल वाजला.

भराभर मोबाईल वर झाले. मुक्ताबाईनं डोळे मिटून घेतले.

गाणं उचलायची जागा आली. तेजश्री गप्पच राहिली. ट्रॅक पुढं गेला.

"ताई, उचल ना!" संघपाल कुजबुजला.

"बंद करा ते," ती माईकवर म्हणाली. साऊंडवाला रणजितकडं बघत राहिला. मग तिनं त्या बिगुलावरच तराणा पुन्हा सुरू केला. संघपाल गोंधळला, पण सम त्यानं पकडली. दोन्ही एकमेकांना भिडून कानाला नको झालं. मागून पोरांनी हुर्यो केली, कितीतरी जण उठून जिलेबीच्या रांगेला लागले. शेवटी साऊंडवाल्यानंच ट्रॅक बंद केला. तेजश्रीचा आवाज दोनदा फाटला, तरी तिनं तराणा संपवला.

खाली उतरताच रणजित अंगावर आला. "वाटोळं केलं कार्यक्रमाचं! गावासमोर नाक कापलं माझं!"

"त्यांना त्रास होतो त्या गाण्याचा. तुम्हाला दिसत नाही?"

"रणजित," मुक्ताबाई मागून म्हणाली, "तिला बोलू नगं. मीच सांगितलं हुतं."

तो वळला. "काकू, त्ये गानं लागलं की मला रडता येतं," तो कसाबसा म्हणाला. "एरवी कुठं रडू मी? घरी रडलो तर बायको घाबरती."

मुक्ताबाईनं त्याचा दंड धरला. तीन वर्षांत तो तिच्या दारात आला नव्हता.

"मग माझ्याकडं यायचं की येड्या," ती म्हणाली. "ज्ञानेशचा बिछाना अजून तसाच हाय. चल, गाडी काढ."

रणजितनं बाहीनं तोंड पुसलं आणि तो गाडी आणायला गेला. तेजश्रीनं तानपुऱ्याचं यंत्र बंद करून पिशवीत घातलं.