ठाकूरसाहेबांच्या मोटारीचं गळकं झाकण

कारंज्याच्या कापसाच्या जिनात तीस वर्षं वाफेचं इंजिन सांभाळलेला निजामुद्दीन मिस्त्री सहसा कशाला भुलणारा नव्हता. पण सन छत्तीसच्या हिवाळ्यात ठाकूर गोविंदसिंगांच्या नव्या मोटारीचं बॉनेट उघडलं, आणि त्याच्या तोंडून "या अल्ला!" एवढंच निघालं. का निघू नये हो? विलायतेला परत चाललेल्या कुण्या साहेबाकडून घेतलेली ती दोन माणसांची, बुटकी, शर्यतीची मोटार. इंजिनच्या माथ्यावर ॲल्युमिनियमची दोन लांब झाकणं, त्यांच्याखाली दोन दांडे फिरायचे आणि मिनिटाला हजारदा झडपा उघडझाप करायच्या. तो आवाज ऐकला त्या दिवसापासून मिस्त्रीचं चित्त जिनात लागेना. बदरुन्निसा, त्याची बायको, म्हणायची, "या वयात दुसरी करून राह्यले का जी?"

एक खोड मात्र होती. झाकणांच्या कडेनं तेल जरासं पाझरायचं. "हे तं एका दिवसाचं काम," मिस्त्री म्हणाला. त्यानं झाकणाखाली कागदाचं नवं पॅकिंग घातलं, पान्याला हातभर लोखंडी नळी जोडली आणि अंग टाकून नट आवळले. जिनात असंच आवळतात, नाहीतर वाफ ऐकते थोडीच? तर तेल दुप्पट गळू लागलं. मग बुचाचं पॅकिंग घातलं, आणखी जोर लावला. आणखी गळलं. आणि एक दिवस कामरगावच्या रस्त्यावर ते तेल धूर सोडणाऱ्या तापल्या नळीवर पडून भडका उडाला. गोविंदसिंगांनी अंगावरचा कोट टाकून विझवला, म्हणून वाचले.

त्यांची आई ललिताबाई. त्यांच्या शब्दापुढं घरात कुणाची टाप नव्हती. "सोमवारी इंझोरीचा इंद्रभान येईन," त्या म्हणाल्या. "इंजिन विहिरीवरच्या पंपाले लावते म्हने तो. बाकी भंगारात जाऊ द्या. मले माहा पोरगा पाह्यजे, मोटार नाई."

गोविंदसिंगांनी मिस्त्रीला बाजूला घेतलं. "रविवारपर्यंत गळती थांबव. एक थेंबही नाई पडला, तरच मी मायले समजावू शकतो."

असलं इंजिन आणि चिखलात पंपाला? मिस्त्रीनं पुन्हा आवळलं, पुन्हा गळलं.

शनिवारी सकाळी तो तोंड पाडून घरी आला, तर दारात सोजरबाई बसलेली. ही गावोगाव फिरून जात्याला टाकी लावणारी. जातं भरड दळतं म्हणून बदरुन्निसानं तिला हाक मारली होती. सोजरबाईनं गेरू तेलात कालवून एका दगडावर पातळ पुसला, दुसरा त्यावर ठेवून जरा फिरवला आणि उचलला. कुठं तांबडं उमटलं, कुठं कोरं राहिलं. तांबड्यावर तिची छिन्नी टकटक चालू लागली.

"हे काय करून राह्यली, बाई?"

"तांबडं दिसते तो उंचोटा, मिस्त्रीभाऊ. दोन्ही तोंडं सारखी बसली नाई तं दाना मधातून निसटते. डोयाले नाई दिसत, पन गेरू दाखवते."

मिस्त्री असा धावत सुटला की बदरुन्निसाला वाटलं कुठं आग लागली. परत आला तो दोन्ही झाकणं काखेत मारून, सदरा तेलानं माखलेला.

सोजरबाईजवळ दगड पारखायची एक काळी फरशी होती, तिनंच घासून सपाट केलेली. तिच्यावर गेरू पुसून तिनं झाकण पालथं घातलं, जरा हलवलं, उलटं केलं. जिथं जिथं नटाचं भोक, तिथं तांबडा ठिपका. मधे सगळं कोरं.

"अगं माय! भोकापाशी दाबून दाबून खालतं ओढलं, मधात पोकय राह्यलं. तेल जाईन नाई तं काय करीन? कोन्या राक्सानं आवळलं हे?"

मिस्त्रीला कामरगावचा जाळ आठवला. "म्या," तो म्हणाला.

सोजरबाईनं छिन्नी बाजूला ठेवली. फरशीवर कुरुंदाच्या दगडाची वस्त्रगाळ पूड आणि तेल टाकून ती झाकण तळहाताखाली गोल गोल फिरवू लागली. भार जराही नाही. पुसायचं, गेरूवर ठेवून बघायचं, पुन्हा घासायचं. दुपार टळली. ठिपके वाढत वाढत एकमेकांना भिडले, आणि अखेर दोन्ही झाकणांच्या कडेनं चहूकडून एकसलग तांबडी रेघ उमटली. मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. विलायतेतून आलेली मापं त्यानं पाहिली होती, पण माती आणि तळहात यांनी एवढं बारीक काम होतं हे तीस वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला त्या हातांना सलाम करावासा वाटला, आणि त्यानं केलाही.

रविवारी झाकणं बसवताना त्यानं पाना उचलला आणि तिच्यापुढं धरला. "तूच आवळ, बाई. माहा हात माह्यं ऐकत नाई." सोजरबाईनं मधल्या नटापासून कडेकडे, थोडं थोडं, दोन बोटांनी आवळलं.

गोविंदसिंग कामरगावला जाऊन आले. ललिताबाईंनी इंजिनखाली पांढरं धोतर अंथरायला लावलं आणि तासभर खुर्ची टाकून बसल्या. थेंब नाही. कडेवरून स्वतः बोट फिरवलं, तेही कोरडं.

"वा रे माह्या मिस्त्री!" गोविंदसिंगांनी त्याची पाठ थोपटली.

मिस्त्री मागं सरला. "नाई, ठाकूरसाहेब. झाकणं वाकवली ती म्याच, जोर लावून. तो भडका माह्यामुयं उडाला. सरय केली ती या बाईनं."

ललिताबाई सोजरबाईकडे वळल्या. "बाई, याच्या हातात माहा पोरगा देऊ का?"

सोजरबाईनं एक नट ढिला केला आणि पाना मिस्त्रीच्या हातात ठेवला. "आवळा, मिस्त्रीभाऊ."

मिस्त्रीचे डोळे भरून आले होते, नट नीट दिसतही नव्हता. त्यानं दोन बोटांत पाना धरला, हळूच फिरवला, आणि जोर मनगटात येतोय असं वाटताच थांबला. सोजरबाईनं नट चाचपून पाहिला. मान हलवली.

"इंद्रभानले निरोप धाडा," ललिताबाई उठत म्हणाल्या. "उद्या येऊ नको म्हना."