टकटक थांबवणारे गुरुजी

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेली बंद पडलेली हार्ड डिस्क, आणि समोर पांढऱ्या चादरीच्या टेबलामागे डिस्कगुरुजी. गुरुजी डिस्कवर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे, की आतली टकटक थांबायची आणि पडद्यावर हरवलेले फोटो उमटायचे. लोक ढसाढसा रडत होते. चांगले शिकलेसवरलेले लोक.

"यंत्र मरत नसतं, यंत्र रुसतं," गुरुजी समजावत होते. "माझ्या हाताच्या लहरी लागल्या की ते बोलू लागतं. हे विज्ञानच आहे, फक्त शास्त्रज्ञांना अजून कळलेलं नाही."

शास्त्रज्ञ बिचारे अभ्यासात कच्चे, दुसरं काय.

तिसऱ्या रांगेत मावशीशेजारी तिची भाची दातओठ खात बसली होती. बिघडलेल्या डिस्कमधला मजकूर परत काढणं हेच तिचं काम. मावशीचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. तो नोकरीच्या गावी आईसाठी रोज काहीबाही बोलून रेकॉर्ड करून ठेवायचा. ती सगळी रेकॉर्डिंग या एकाच डिस्कवर होती, दुसरी प्रत कुठेच नव्हती. आठवड्यापूर्वी डिस्क टकटकू लागली तेव्हा परगावी गेलेल्या भाचीने फोनवर बजावलं होतं, "वायर काढ आणि हातसुद्धा लावू नकोस. मी शनिवारी येते." पण मावशीला कुठला दम निघायला? दुसऱ्याच दिवशी तिने गुरुजींचा फॉर्म भरला होता. त्यात नाव, फोन नंबर आणि कुणाचे फोटो हवेत, सगळं लिहायचं होतं.

मावशीचा नंबर आला. तळवा टेकला, आवाज बंद झाला, पडद्यावर मुलगा हसला. मावशीने तोंडात पदर कोंबला.

"आणि त्याचा आवाज, गुरुजी?"

"आवाज लाजाळू असतो, ताई. पुढच्या शनिवारी येईल."

भाची उठली आणि थेट पडद्याशी गेली. फोटोच्या कोपऱ्यात एक लाल बदाम होता.

"गुरुजी, हा बदाम मी माझ्या फोनवर चिकटवला होता," ती म्हणाली. "त्याच्या वाढदिवसाला फोटो इंटरनेटवर टाकताना. मावशीच्या डिस्कवर बिनबदामाचा फोटो आहे. मग हा आला कुठून?"

"श्रद्धा नसलेल्यांनी मागे बसावं," गुरुजी म्हणाले.

भाचीने चादरच ओढली. मावशीच्या डिस्कची वायर गुरुजींच्या पायापाशी एका बटणाला जोडलेली होती. बटण दाबलं की वीज बंद, वीज बंद की टकटक बंद. लॅपटॉपला दुसरीच डिस्क लावलेली होती. फॉर्मवरच्या नावानंबरावरून गुरुजींची माणसं लोकांनी स्वतःच इंटरनेटवर टाकलेले फोटो त्या डिस्कवर उतरवून घ्यायची. लोकांचे फोटो लोकांनाच दाखवून गुरुजी पाया पडून घेत होते. मुलाचा आवाज मावशीने कधी कुठे टाकला नव्हता, म्हणून तो लाजाळू.

"पण माझे फोटो तर आले ना?" मागून एकजण कुरकुरला.

"तुमचे फोटो तुमच्या फोनमध्येच आहेत, काका. बघा काढून."

हॉल हसला. भाचीलाही जिंकल्यासारखं वाटलं. ती मावशीला म्हणाली, "चल, दोन दिवसांत तुला त्याचा आवाज ऐकवते."

मावशी घुटमळली. "अगं, फॉर्म भरला तेव्हाच गुरुजी म्हणाले होते, सात दिवस डिस्क चालूच ठेवा. एकेक टकटक म्हणजे एकेक आठवण परत येतेय. मी मोजत बसले होते."

भाचीने झटकन टेबलावरच्या डिस्कची वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी तिने कामाच्या खोलीत डिस्क उघडली. ज्यात सगळं साठतं तो चकतीवरचा मुलामा खरवडला गेला होता, खालची काच आरपार दिसत होती, आणि कडेला करडी पूड साचली होती. मावशीने विचारलं, "यात कुठे आहे तो?"

"या पुडीत. आतली वाचणारी सुई बिघडली होती, मावशी. ती सात दिवस चकतीवर घासत राहिली."

"पहिल्या दिवशी बंद केली असती तर?"

"जवळजवळ सगळं निघालं असतं."

"म्हणजे मीच पुसला त्याला?"

भाचीला खोटं बोलता आलं असतं. पण खोट्यानेच हे झालं होतं. "हो," ती म्हणाली. "त्यांच्या सांगण्यावरून, पण तुझ्या हाताने."

गुरुजींनी आता दुसऱ्या शहरात हॉल घेतला आहे म्हणे, आणि तोही भरतो. तुमची डिस्क टकटकली तर आधी वायर काढा, मग जाणकाराकडे न्या. आणि कुणी चमत्कार दाखवला तर दोन प्रश्न विचारा: हे होतं कसं, आणि नाही झालं तर माझं काय जातं? गुरुजींचं काहीच गेलं नाही. मावशी अजून मुलाचा आवाज आठवून बघते, आणि म्हणते की दर वेळी तो थोडा वेगळाच आठवतो.