तीनदा मागायचा विस्तव

जुलियानं त्या वर्षी ईस्टरआधी कुमसार केला नाही. विसरली म्हणून नव्हे, ठरवून. पापं सांगायला गुडघे टेकले की जाळीपलीकडून पाद्री विचारणार, बाई, मनात कुणाबद्दल वैर आहे का. आहे म्हटलं की आधी ते सोड म्हणणार, मग देवाची माफी. आता नऊ वर्षं हातानं भरवून वाढवलेलं हे वैराचं डुक्कर ऐन सणाच्या तोंडावर कुणी रानात सोडून देतं का? तेव्हा ह्या खेपेला माफी राहू दे, असं तिनं ठरवलं. देव कुठं पळून जात नव्हता. शेजारचा लिनो गेला असता.

ठाण्याच्या खाडीकाठची ती ख्रिस्ती आळी देवळापासून (चर्चला तिथं देऊळच म्हणत) उतरत उतरत चिखलापर्यंत जायची. शेवटचं घर लिनोचं, त्याच्या वरचं जुलियाचं. नऊ वर्षं ते शेवटचं घर बंद होतं. लिनो आंबिवलीकडे रेल्वेच्या रुळांवर मजुरी करत होता, तिकडंच त्याची बायको तापानं गेली. आता लेक लुर्दस लग्नाची झाली तेव्हा त्याला गाव आठवलं. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी लग्न होतं, मुलगा कल्याणचा.

आळीची एक रीत होती. गुड फ्रायडेला घरोघरच्या चुली विझायच्या. शनिवारी सकाळी देवळाच्या दारात पाद्री गारगोटीवर नवा विस्तव पाडायचा, ख्रिस्ताच्या प्रकाशाचं तीनदा गायलं जायचं, आणि मग तो विस्तव आळी उतरायचा. प्रत्येक घरानं आपल्या वरच्या घरून घ्यायचा, खापरात, तीनदा मागून. दुसऱ्या कुणाकडून घेतलेला चालत नसे. वरच्यानं नाही दिला तर चूल वर्षभर बिनआशीर्वादाची, आणि तसल्या चुलीवर लग्नाचं जेवण शिजत नसे. आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. भांडणं पुष्कळ होती, पण एवढा दम कुणात नव्हता. जुलियात होता.

नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा व्हॅलेरियन आणि हा लिनो, एका ताटात जेवणारे दोघे, ज्या मिठागरावर राबायचे तिथलंच गोणीभर मीठ चोरून घेऊन बांधावरून येत होते. मिठाच्या शिपायांनी धरलं. गोण व्हॅलेरियनच्या डोक्यावर, लिनो दहा पावलं मागं, रिकाम्या हातांनी. याला ओळखतोस का, शिपायानं तीनदा विचारलं. तीनदा लिनो म्हणाला, मी या माणसाला वळखत नाय. व्हॅलेरियन तुरुंगात गेला आणि पावसाळ्यात पटकीनं तिथंच मेला. आळीला एवढंच ठाऊक, की तो एकटा सापडला. खरं काय ते त्यानं फक्त जुलियाला सांगितलं, ती एकदाच भेटायला गेली तेव्हा. तिनं ते कुणाजवळ काढलं नाही. सुरी दाखवत फिरलं की बोथट होते.

गजांआडून तो आणखीही एक बोलला होता. "लिनोला सांग, माझ्या मनात काय नाय. भ्याला तो. नायतर जन्मभर तोंड लपवत फिरंल." जुलिया हो म्हणाली होती. नवऱ्याला दिलेला तेवढा एकच शब्द तिनं पाळला नाही. फिरू दे की लपवत, तिला वाटायचं. मरणाऱ्याचं बरं असतं, मन मोठं करतो आणि जातो. मिठाच्या पाट्या मागं राहिलेलीनं वाहायच्या.

शुक्रवारी दुपारी ती चुलीतली राख काढत होती, तर दारात लुर्दस.

"काकी, सरा, मी काढते."

"माझी राख मला जड नाय."

पोरगी तरीही बसलीच. "उद्या विस्तव मागायला मी आले तर चालंल? बाची कंबर धरलीय."

"घरधन्यानं यायचं असतं. कंबर घेऊन ये म्हणावं. विस्तव काय कंबरेवर न्यायचाय?"

लुर्दस हसली. जुलियाचेही ओठ हलले, ते तिनं वेळेवर आवळले.

"तुमचं नाव निघालं की बा उठून बाहेर जातात," लुर्दस म्हणाली. "का ते सांगत नाय. काकी, मला आई नाय. लग्नात माझ्या पाठीशी तुम्ही उभ्या राहाल?"

"उद्याचं उद्या बघू," जुलिया राखेकडं बघत म्हणाली.

शनिवारी विस्तवामागून माणसं उतरत आली. शेवटच्या घरांशी येईतो अख्खी आळी गोळा झाली. हेच तर तिला हवं होतं. वरच्या घरच्या म्हातारीकडून तिनं रीतीनं आपलं खापर भरून घेतलं, आणि उंबऱ्यात उभी राहिली. लिनो पुढं आला. केस पांढरे, रिकामं खापर दोन्ही हातांत.

"वयनी, विस्तव द्या."

"मी या माणसाला वळखत नाय," जुलिया म्हणाली.

मागं कुणीतरी हसलं. "चेष्टा पुरे गो जुले," म्हातारी म्हणाली. पण लिनोला शब्द कळले होते. त्याच्या तोंडावरचा रंग उतरताना जुलियानं डोळे भरून बघितला. नऊ वर्षांत इतकं गोड तिला काही लागलं नव्हतं. अजून दोनदा नाही म्हणायचं, आणि मग आळीला का ते सांगायचं.

लिनो लोकांकडं वळला.

"बरोबर बोलते ती. माझेच शब्द हायत. मीठ आम्ही दोघांनी घेतलेलं. शिपायानं विचारलं तर मी बोललो, व्हॅलेरियनला वळखत नाय. तीनदा बोललो." मग परत तिच्याकडं वळून, "वयनी, विस्तव द्या."

जुलियाच्या अंगाची लाही झाली. हे तिनं सांगायचं होतं. तोंडाशी आणलेला घास चोरानं पळवावा, तसा त्यानं तोही पळवला.

"वळखत नाय," ती ओरडून म्हणाली.

आता आळी तिच्या बाजूला झाली. कुणीतरी थुंकलं. "नको देऊ गो," म्हातारीच म्हणाली. लुर्दस भिंतीला टेकून बापाकडं असं बघत होती, जणू तो आत्ताच कुठून तरी आला असावा.

लिनो तिसऱ्यांदा मागेना. "एक विचारतो," तो म्हणाला. "तुम्ही त्याला भेटलेल्या. शेवटी माझ्याबद्दल काय बोलला? शिवी दिली असंल, शिवी सांगा."

एक वाक्य पुरलं असतं. शाप दिला त्यानं तुला. जुलियाच्या जिभेवर ते येऊन बसलं, आणि आळी कान देऊन उभी. पण ते म्हणायचं तर व्हॅलेरियनला तो नव्हता तसा करावं लागत होतं. म्हणजे त्याच्याच उंबऱ्यात उभं राहून, चारचौघांत, त्याच्या बायकोनं म्हणायचं, की मी त्याला वळखत नाय.

खापर हाताला भाजू लागलं.

"म्हणाला, माझ्या मनात काय नाय. भ्याला तो," शेवटी ती म्हणाली. "तुला सांग म्हणाला. मी हो म्हटलं, नि सांगितलं नाय."

"नऊ वर्षं दाबून ठेवलंस गो?" म्हातारी पुटपुटली.

"ठेवलं."

लिनो खाली बसला. खापर मांडीत घेऊन तोंडातून आवाज न काढता रडू लागला. आळीला कुठं बघावं कळेना. जुलियाला कळत होतं, पण बघवेना.

"ऊठ," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा मागायचं राहिलंय."

"वयनी," उठून त्यानं खापर पुढं केलं. "विस्तव द्या."

तिनं चिमट्यानं निखारे उचलले. एक निसटून पायाशी पडला. लिनोनं तो बोटांनीच उचलून खापरात टाकला.

"हा त्यानं दिलाय, मी नाय," जुलिया म्हणाली. "माझा राग हाय अजून."

"असू द्या."

"असू द्या काय, असणारच. जा आता, विझंल."