शेवटच्या पायरीची गाठ

मित्रांनो, मी एक जुना कठडा आहे. जुना म्हणजे जपून ठेवावा असा नव्हे. भंगारवाल्याने जाता जाता वजनाचा अंदाज घ्यावा असा. सार्वजनिक वाचनालयाच्या दारापासून खालच्या फरसबंद चौकापर्यंत पायऱ्या उतरतात, त्या उतरताना डाव्या हाताला मी लागतो. सगळे आयुष्य मी तिरका राहिलो. कठड्याने सरळ उभे राहून चालत नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. आणलेली नळी थोडी कमी पडली. दुसरी आणायची तर पुन्हा बाजार गाठावा लागणार, म्हणून त्याने दुकानात पडलेला एक तुकडा माझ्या खालच्या टोकाला जोडला. जोडावर लोखंडाची एक गाठ राहिली. ती घासून सपाट करायची, तर घासायची चकती नेमकी तेव्हाच संपली. "राहू दे, रंगात झाकली जाईल," असे म्हणून त्याने हिरवा रंग फासला. रंगात काही ती झाकली नाही. मला तिची फार लाज वाटायची.

पुढे कितीतरी वर्षे मी हात धरण्याचे काम केले. घामट हात, शाईचे हात, पुस्तकांच्या ओझ्याने थरथरणारे हात. कठड्याचे आभार कोणी मानत नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही. माणूस न बोलता सुखरूप खाली उतरला की समजावे, आपले काम झाले.

या सगळ्या हातांत एक हात मला वेगळा वाटे. तो टायपिंगच्या बाईंचा. बाईंनी उभी हयात मुलांना टायपिंग शिकवले होते. त्यामुळे त्यांचा हात मला नुसता धरत नसे, वाचत असे. निवृत्त झाल्यावर त्यांची नजर अधू होत गेली. तरी त्या रोज सकाळी एकट्या यायच्या. वाचनालयात बोलत्या पुस्तकांची खोली आहे. तिथे कानाला यंत्र लावून त्या दोन तास पुस्तक ऐकायच्या आणि माझ्यावरून हात सरकवत परत जायच्या. त्यांचा मुलगा म्हणायचा, "आई, एकटी जाऊ नकोस." त्या म्हणायच्या, "ज्या दिवशी पडेन त्या दिवशी बंद करीन." त्यांचे सगळे स्वातंत्र्य या एका वाक्यावर चालले होते.

मग चौकात स्केटबोर्डवाली पोरे आली. बोर्ड पायाखाली घेऊन धावत यायचे, उडी मारायची, बोर्ड माझ्यावर आडवा टाकायचा आणि घसरत थेट खाली. पहिल्यांदा माझे दात कडकडले असते, दात असते तर. त्यांच्यात एक कॉलेजातली मुलगी होती, तिला सगळे खार म्हणत. दुसऱ्याचे नाव बँडेज. त्याच्या अंगावर कुठे ना कुठे पट्टी असायचीच. एक कोपर बरे झाले की दुसरे रांगेत उभे.

दमली की पोरे पायऱ्यांवर बसायची आणि मी ऐकत राहायचो. त्यांच्या डोक्यात शहराचा एक निराळाच नकाशा होता. लोकांना बँक दिसते, त्यांना बँकेबाहेरचा गुळगुळीत ओटा दिसे. बंद पडलेले कारंजे, मंडईमागचा माल चढवायचा उतार, उड्डाणपुलाखालची मोकळी जागा, ही त्यांची गावे. एकीकडून हाकलले की दुसरीकडे. शहराच्या टोकाला एक खरेखुरे स्केटपार्कही होते म्हणे. मात्र उद्घाटनाचे फोटो निघाले आणि मग उतारांच्या फळ्या कुजल्या, फाटकाला कुलूप लागले. किल्ली कोणाकडे आहे, यावर पोरे पैजा लावत.

बोर्ड नीट घसरावा म्हणून ती माझ्या अंगाला मेणबत्तीचे तुकडे घासत. मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू? म्हातारपणी कोणी अंगाला तेल लावावे तसे वाटे. पण एका सकाळी बाईंचा हात त्या मेणावर सटकला. दोन पायऱ्या त्या भेलकांडल्या, कशाबशा सावरल्या आणि मागे वळून सरळ वाचनालयाच्या देखभाल विभागाच्या खिडकीशी गेल्या. तिथल्या कारकुनाला त्यांनी ठणकावून सांगितले, "कठड्यावरची ही घसरगुंडी बंद करा. नाहीतर एक दिवस कोणीतरी मरेल." त्यांचे चुकले होते का? मला नाही वाटत.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी बँडेज एक कानस घेऊन आला आणि माझी गाठ घासायला बसला. मला मनातून बरेच वाटले. चला, जन्माची लाज जाईल! तेवढ्यात बाई दारातून बाहेर आल्या आणि आवाज ऐकून थबकल्या.

"कोण आहे रे? काय घासतोयस?"

"काही नाही आजी, ही गाठ काढतोय. बोर्ड अडकतो हिच्यावर."

"आजी असेल तुझ्या घरी. मला बाई म्हणतात. आणि ती गाठ काढलीस तर मी थांबू कुठे?"

बँडेजला काही कळेना. बाई सावकाश उतरून त्याच्याजवळ आल्या. "मला मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. आत्ता तुझे दोन्ही कान दिसतायत, नाकाचा पत्ता नाही. पायऱ्या तर सगळ्या एक होतात. हाताला ही गाठ लागली की कळतं, आता एकच पायरी राहिली."

"पण बाई, पायऱ्या मोजायच्या ना," शेजारी उभी असलेली खार म्हणाली.

"मोजते की. मधेच कोणीतरी म्हणतं, काय बाई, बरं आहे ना, आणि आकडा गळून पडतो. गाठ गळून पडत नाही गं."

बँडेजने कानस खिशात घातली. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते कसे सांगू? ज्या गाठीची मी जन्मभर लाज बाळगली, तिच्या भरवशावर एक माणूस रोज घराबाहेर पडत होते. मला ते कधी कळलेच नव्हते.

मग तिथेच पायरीवर बसून तह झाला. बाईंनी अट घातली, "आमच्या क्लासात काम झालं की मशीन पुसून, झाकून उठायचं असा नियम होता. तुम्हीही मेण पुसून जायचं." पोरांनी तो नियम पाळला. खेळ झाला की खार गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने मला पुसून काढायची. गाठीच्या अलीकडेच बोर्डसकट बाजूला उडी मारायची, असेही ठरले. त्या उडीला पोरे 'बाईंचा थांबा' म्हणू लागली. ती जमायला सगळ्यांना महिना लागला आणि बँडेजला दोन गुडघे.

एवढे झाल्यावर बाईंना आपली तक्रार आठवली. खारीला बरोबर घेऊन त्या पुन्हा खिडकीशी गेल्या. खिडकी दाराला लागूनच आहे, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"माझी तक्रार मला मागे घ्यायची आहे."

कारकून माणूस चांगला होता. तो म्हणाला, "बाई, तक्रार करायची सोय आहे, मागे घ्यायची नाही. ती आता वर गेली."

"मग काय करायचं?"

"काही करू नका. अहो, इथला नळ दोन वर्षं गळतोय. तुमच्या कठड्याकडे कोण बघतंय? निश्चिंत राहा."

बाई हसल्या. खारही हसली. मीसुद्धा निश्चिंत झालो. सरकारी कामाच्या संथपणावर आमचा सगळ्यांचा पूर्ण विश्वास होता.

आणि त्या ऑफिसाने नेमके हेच एक काम वेळेवर केले.

त्या सकाळी बाई नेहमीप्रमाणे आल्या, मला धरून वर गेल्या आणि आत कानाला यंत्र लावून बसल्या. थोड्या वेळाने एक टेम्पो आला. त्यातून वेल्डर उतरला आणि माझ्या पाठीवर वरपासून खालपर्यंत लोखंडाचे गोळे जोडू लागला, मुठीएवढाले, दीड-दीड हातावर एकेक. बोर्ड घसरू नये म्हणून ही युक्ती. ठिणग्या उडत होत्या. चौकातून खार आणि बँडेज धावत आले.

"काका, थांबा! बाईंना हे कळणार नाही!"

"कोण बाई? मला काम दिलंय, मी करतोय. ऑफिसात जाऊन सांगा."

खिडकी बंद होती. बाई बाहेर यायला अजून वेळ आहे असे समजून पोरे इमारतीला वळसा घालून मागच्या ऑफिसात पळाली. तेवढ्यात वेल्डरचे काम संपले. त्याने सामान टेम्पोत टाकले आणि तो गेला. मी अजून गरम होतो.

आणि दार उघडले.

बाई बाहेर आल्या. पुस्तकात काहीतरी गमतीचे ऐकले असावे, कारण त्या स्वतःशीच हसत होत्या. त्यांनी डावा हात माझ्यावर ठेवला. वरच्या टोकाचा थोडा भाग गोळ्यावाचून मोकळा होता. हात सरकला. एक पायरी. दुसरी. मग पहिला गोळा हाताला लागला.

मला ठाऊक होते त्या काय समजणार. त्यांच्या बोटांना एवढेच माहीत होते, की हाताला काही लागले म्हणजे आता एकच पायरी. बाई, ही ती नव्हे! अजून पुष्कळ पायऱ्या आहेत! मी लोखंड. मला हलता येईना, वाकता येईना, नुसते कुरकुरतासुद्धा येईना. कुरकुरलो असतो तरी त्या थांबल्या असत्या. पण त्या पहिल्या बेट्या वेल्डरने मला फार घट्ट बसवले होते. बाईंनी एक पायरी उतरून, आता सपाट जमीन आली अशा भरवशाने, बेधडक पाऊल पुढे टाकले.

त्यांचा हात सुटला तेव्हा बोटे शेवटपर्यंत माझ्यावर होती. ती धरून ठेवायला मला बोटे नव्हती.

पोरे परत आली तेव्हा बाई खाली फरशीवर होत्या. खारीने बोर्ड फेकला आणि त्यांचे डोके मांडीवर घेतले. भोवती माणसे जमली. कोणीतरी म्हणाले, "या बोर्डवाल्यांनीच पाडलं. रोजचा उच्छाद आहे यांचा." बाई कळवळत होत्या, तरी म्हणत होत्या, "नाही हो, नाही, ही माझी मुलं आहेत." कोणी ऐकले नाही. पहारेकऱ्याने दोघांनाही दंडाला धरून चौकाबाहेर काढले. नंतर कळले, बाईंचा खुबा मोडला होता.

पोरांना चौकात बंदी झाली. तरीही एका दुपारी खार आली आणि शेवटच्या पायरीजवळ माझ्या गाठीवर तिने सुतळी गुंडाळली, हाताला वेगळी लागावी म्हणून. दोन दिवसांनी झाडूवाल्याने ती कचरा समजून कापली. तो त्याचे काम करत होता. वेल्डरही, कारकूनही. मला कोणावर रागावताच येत नाही, आणि त्याचाच त्रास होतो.

आता माझ्यावरून कोणी घसरत नाही आणि नीट धरून कोणी उतरतही नाही. गोळ्यांवरून हात उचलत न्यावा लागतो, म्हणून लोक भिंतीच्या बाजूने जातात. नवीन रंग मात्र दरवर्षी मिळतो.

बाई पुन्हा एकदाच आल्या. बरेच महिने उलटले होते. एका हातात काठी आणि दुसरा हात मुलाच्या हातात. परत जाताना त्या वरच्या पायरीवर अडल्या. "सोड मला. कठडा धरून उतरते." मुलाने हात सोडला नाही, पण काठी आपल्याकडे घेतली. बाईंचा तळवा माझ्यावर टेकला. किती हलका झाला होता तो! गोळा आला, हात उचलला. पुन्हा गोळा, पुन्हा हात उचलला. तिसऱ्यानंतर त्या थांबल्या.

"हा तो नव्हे रे. जुना काढून टाकला वाटतं यांनी."

"असेल आई. चल, ऊन वाढतंय."

"चांगला होता," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात काढून घेतला.

मित्रांनो, एखादी वस्तू सुधारायला निघालात, तर तिला रोज हात लावणाऱ्या माणसाला आधी विचारा. आणि कधी या बाजूला आलात आणि काठी घेतलेल्या, माणसाच्या नाकाऐवजी कानाकडे बघून बोलणाऱ्या कोणी बाई दिसल्या, तर त्यांना माझ्यासाठी एवढे सांगा. म्हणावे, बाई, जुना कठडा कोणी काढलेला नाही. त्या दिवशी तुम्ही ज्याच्यावर हात ठेवला होतात, तो तोच होता.